पुढची चाकं पुढे, मागची मागे

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर वाकली तितका). तुझ्या तब्येतीचं वहिनीकडून फोनवर कळतं, तू स्वतः काही बोलत नाहीस. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून उजव्या हाताचा व्यायामही सोडलास म्हणे. असो, रागवायला हे पत्र नाही.

तू पाठवलेलं रिमोटवर चालणाऱ्या छोट्या रेसिंग गाडीच्या सुट्या भागांचं खोकं पोचलं. आतली चिठ्ठीही वाचली : 'माझा हात गेला, आता तूच जोड.' अरे, चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होतास तू! मी ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस, जन्मात बॉनेट उघडलं नाही. पण तुझा शब्द खाली कसा पडू द्यायचा? जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. (तीन आठवडे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. तुझी भावजय याबद्दल एक अक्षर बोललेली नाही, आणि तेच जास्त भयंकर आहे.) शोधाशोध नको म्हणून आधी सगळी पाकिटं फोडून तिन्ही मापांचे स्क्रू एकाच वाटीत ओतले. पुढचे चार दिवस शोधाशोधच केली. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं निम्मं तेल माझ्या पँटवर गेलं. एक स्प्रिंग उडाली ती थेट शेजारच्या दंतवैद्याच्या गॅलरीत. त्याने ती चिमट्यात धरून आणली आणि गंभीरपणे विचारलं, कुणाची?

काल गाडी गच्चीवर नेली, बॅटरी लावली आणि रिमोटचा घोडा ओढला. पुढची चाकं पुढे धावायला लागली, मागची मागे. गाडी जागच्या जागी थरथरत राहिली. मी सवयीने "क्लच सोड!" म्हणून ओरडलो (तिला क्लचच नाही). तुझी भावजय म्हणाली, "अगदी तुम्ही दोघं भाऊ!" मला हसू आलं नाही, दादा. माझ्या सायकलपासून आजवर जे जे मोडलं ते तू नीट केलंस. तुझं एवढं एक काम माझ्याकडे आलं, तेही मी बिघडवून ठेवलं. फार वाईट वाटलं.

वहिनीला नमस्कार. उत्तर तुझ्या हातचं हवं, अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

तुझा,
धाकटा

ता. क. दोष सापडला आहे. मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चक्रांची डबी मी उलटी बसवली. चार स्क्रू काढायचे, डबी फिरवायची, चार स्क्रू लावायचे. दहा मिनिटांचं काम.

आणखी ता. क. वर 'काल' लिहिलंय ते खोटं आहे. हे सगळं आठ दिवसांपूर्वी झालं आणि दोषही तेव्हाच कळला. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला आणि ठेवून दिला. रविवारी गाडी घेऊन तुझ्याकडे येतोय. स्क्रू डाव्या हातानेही निघतात, मी करून पाहिलंय (म्हणून आमच्या बाथरूमचं दार सध्या लागत नाही). गाडी मी दोन्ही हातांनी धरून ठेवीन, पण त्या चार स्क्रूंना मी हात लावणार नाही. तुझ्याशिवाय मला हे जमत नाही असं समज, आणि ते खोटंही नाही.