सातशे यार्डांची रायफल

१९ जून, गुरुवार
लागलं! सोडतीत नाव लागलं! बेंट क्रीकच्या डोंगरातल्या नर एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीचं लायसन्स. अकरा वर्षं अर्ज करत होतो. फोनवर निकाल दिसला तेव्हा एका बाईंची ड्रायव्हिंग टेस्ट घेत होतो. आनंदाच्या भरात पास करून टाकलं. (गाडी मागे घेताना त्यांनी कचऱ्याचा डबा पाडला होता. असो.)

ठराव: या वेळी शिकार लांबून. या कड्यावरून त्या कड्यावर, सातशे यार्ड. झुडपांतून गुडघे सोलत सरपटणं बंद. शास्त्रशुद्ध काम. त्यासाठी नवी रायफल हवी, आणि रायफलीच्या आधी कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, ठरायला हवं. शनिवारपर्यंत ठरेल. रोज आठ-दहा जणांना पास-नापास करणारा माणूस मी. निर्णय घेणं हाडातच आहे.

२१ जून, शनिवार
ठरलं. साडेसहा मिलिमीटरची क्रीडमूर. धक्का कमी, नेम पक्का, लांबवरही गोळी वेग टिकवते. विषय संपला.

संध्याकाळी ६
ऑफिसातला रेमी म्हणाला की साडेसहाने हरीण पडेल, एल्क फक्त खाजवेल. मी म्हटलं, आकडे बघ. तो म्हणाला, एल्कला दाखव.
विषय पुन्हा उघडला आहे.

४ जुलै, शुक्रवार
सात मिलिमीटर मॅग्नम. हे मात्र अखेरचं.
सगळे अंगणात मांस भाजत होते, मी वहीत तक्ते काढत होतो. सासूबाई आल्या होत्या. आयडेलाबाई, वय त्र्याहत्तर. सासरे गेल्यापासून त्यांची जुनी थर्टी-ऑट-सिक्स रायफल घेऊन दर वर्षी एकट्या डोंगरात जातात आणि दर वर्षी एल्क घेऊन येतात. मी त्यांना सात मिलिमीटरची गोळी सातशे यार्डांवर किती इंच खाली येते ते समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जावईबापू, एल्क तिथे थांबणारे का तुमच्यासाठी?
जुन्या पिढीला शास्त्र समजावणं अवघड आहे.

१९ जुलै, शनिवार
इंटरनेटवर या विषयावर एक्केचाळीस पानांचा वाद चालू आहे. काल उतरलो त्यात. ओहायोच्या एका माणसाने, ज्याने एल्क फक्त कॅलेंडरवर पाहिलाय, मला अडाणी म्हटलं. मी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. त्यासाठी वाचन करता करता लक्षात आलं की त्याचंच बरोबर आहे. तीनशे मॅग्नमच हवी. त्याला मात्र हे कळवलेलं नाही.
नेड्राने जेवताना विचारलं की हा माणूस कोण, ज्याच्याशी मी आंघोळ करतानाही भांडतो. बायको आहे, काळजी वाटणारच.

१६ ऑगस्ट, शनिवार
तीनशे मॅग्नम घरी आली! वर पंचवीसपट मोठं दाखवणारी दुर्बीण. चंद्रावरचे खड्डे दिसतात. नेड्रा म्हणाली, मग चंद्रावर जा.
लगेच नेमबाजीच्या रेंजवर गेलो. पहिलीच गोळी. दणका असा, की दुर्बीण मागे येऊन भुवईवर बसली. अर्धचंद्राकार जखम, तीन टाके. दोष रायफलीचा नाही. मी उत्साहात पुढे वाकलो होतो.

१८ ऑगस्ट, सोमवार
टेस्ट द्यायला येणारे सगळे कपाळाकडे बघतात. एका म्हाताऱ्याने रस्त्यावरची नजर काढून विचारलं, तीनशे का? हो म्हटलं. म्हणाला, माझ्या भावालाही होती. पुढे काय झालं ते सांगितलं नाही. त्याला नापास केलं, पण नियमानुसारच.

६ सप्टेंबर, शनिवार
सातशे यार्डांवरच्या लोखंडी पाटीवर वीस गोळ्या. एक लागली.
म्हणजे पोहोचते. मूळ प्रश्न तोच होता. बाकीच्या एकोणीस वाऱ्यामुळे. वायोमिंगमध्ये वारा नसलेला दिवस बघायला माणूस दुसरीकडे जातो.
तीनशे अडतीस कॅलिबर वाऱ्याला जास्त दाद देत नाही असं वाचलं. नुसतं वाचलं.

२० सप्टेंबर, शनिवार
सासूबाई रेंजवर आल्या. म्हणाल्या, तुम्ही नेम धरा, रायफल भरून मी देते. मला वाटलं, वाकून घ्यायचा त्रास वाचला. दोन गोळ्या झाल्या. तिसऱ्यांदा घोडा दाबला तर नुसतं टक् वाजलं. रायफल गप्प. मी मात्र खांदा उडवून, नळी जमिनीकडे नेऊन, दात आवळून बसलेलो.
सासूबाई म्हणाल्या, गोळी नव्हतीच त्यात, जावईबापू. कुणी मारलं तुम्हाला?
मग हळू आवाजात म्हणाल्या की धक्क्याची भीती कुणालाही बसते, त्यात लाजायचं काही नाही. माझी थर्टी-ऑट-सिक्स घ्या, मी दुसरी मागून आणते.
मी सांगितलं की भीती नाही, ती शरीराची पूर्वतयारी असते. 

१ ऑक्टोबर, बुधवार
सीझन सुरू. रजा टाकली. सासूबाई सोबत. त्यांच्याकडे मादीचं लायसन्स आहे. नारिंगी जाकीट घालून त्या माझ्या पुढे चढतात आणि वर जाऊन माझी वाट बघतात.
सकाळी साडेसातला समोरच्या उतारावर नर! अंतर सहाशे चाळीस. वारा मोजला. फोनमध्ये तापमान घातलं. उताराचा कोन घातला. फोनने बॅटरी कमी असल्याचं सांगितलं. आकडा आला तेव्हा उतार रिकामा होता.
सासूबाईंनी विचारलं, आला का आकडा? हो म्हटलं. म्हणाल्या, जपून ठेवा.
घाईत गोळी न झाडणं हा खऱ्या शिकाऱ्याचा संयम. आजचा दिवस यशस्वी.

५ ऑक्टोबर, रविवार
झाडीत सँडविच खात बसलो होतो. चाळीस पावलांवर नर येऊन उभा राहिला. रायफल उचलली. दुर्बीण पंचवीसपटीवर. पूर्ण गोलात फक्त तपकिरी केस. पाठ की पोट की मान, कळेना. पट कमी करायला चकती फिरवली, तीही उलटी. केस आणखी मोठे होणं शक्य नव्हतं म्हणून अडकली. एल्क निघून गेला.
चाळीस पावलं हे माझं अंतरच नाही. माझी सगळी तयारी सातशेची.

११ ऑक्टोबर, शनिवार
सासूबाईंनी मादी पाडली. एकशे दहा पावलं, एक गोळी. आधी पाऊण तास पोटावर सरपटत गेल्या. एक मांडी मी वाहून आणली. वाटेत चार वेळा बसलो. त्या दोनदा, तेही माझ्यासाठी.

१२ ऑक्टोबर, रविवार
कसं लिहू.
सकाळी मोठा नर. तीनशे दहा यार्ड. सासूबाई कानाशी म्हणाल्या की डावीकडे ओघळ आहे, त्यातून दीडशेपर्यंत जाता येईल, चला. मी म्हटलं, तीनशे दहा म्हणजे या रायफलीला घरचं अंगण. झाडली.
एल्कने मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि चालत झाडीत गेला.
मी म्हटलं, चुकली, चला. त्यांनी दंड धरला. एवढा घट्ट, की दुखला. म्हणाल्या, जखमी झाला असेल तर? तो तिकडे तडफडत असेल आणि तुम्ही घरी जाऊन जेवणार? त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग पाच तास शोधलं. दगड दगड, पान पान. रक्ताच्या थेंबासाठी त्या गुडघ्यांवर रांगत होत्या. त्र्याहत्तर वर्षांच्या. मीही रांगलो. पहिल्यांदाच या सीझनमध्ये माझ्या डोक्यात एकही आकडा नव्हता. नुसतं वाटत होतं, रक्त दिसू नये.
दुपारी सापडलं. रक्त नाही, भोक. एका पाइनच्या बुंध्यात, दोन पुरुष उंचीवर. सासूबाईंनी टोपी काढली आणि खाली बसल्या. म्हणाल्या, वाचला बिचारा.

रात्री जेवताना नेड्राने विचारलं काय झालं. सासूबाई म्हणाल्या, वारा होता.
वारा नव्हता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सीझन संपला. एकदा नाव लागलं की आधीचे अर्ज बाद, आता हिशेब शून्यापासून सुरू. असाच नंबर लागला तर मी त्रेसष्टचा असेन.
सकाळी वाटलं, साडेसहाच घ्यायला हवी होती. मग वाटलं, तीनशे अडतीस. मग वही बंद केली.
गोळी सुटली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. दोन्ही. हे इथेच लिहितोय. सासूबाईंना ठाऊक आहे, त्या शेजारीच होत्या.
त्यांनी दुपारी मादीचं मांस कापायला बोलावलंय. सुरी मला देणार नाहीत. पुड्यांवर नावं घालायची आहेत. म्हणाल्या, तुमचं अक्षर चांगलं आहे.