सासूबाईंच्या रथापुढं पलिस्था

आदरणीय भाऊजी,

माझ्या पलिस्थाला नेवारी शाळेत घातलं, तेव्हा तुम्ही सिडनीहून फोनवर म्हणाला होतात, "काठमांडूत शाळांना काय तोटा? गल्लीच्या टोकाला बोर्डिंग, चौकात सरकारी, टेकडीवर लामांची. आणि तुम्हाला सापडली ती घरचीच बोली शिकवणारी. पोरगी काय भाजी विकणार आहे?" थोरल्या दिरापुढं काय बोलायचं, म्हणून मी फोन सासूबाईंकडं दिला.

काल सासूबाईंची सत्त्याहत्तरी झाली. आपल्या रीतीप्रमाणं त्यांना रथात बसवून मुलानातवंडांनी गल्लीतून ओढलं. तुमचा लेक प्रज्वलही होता, इथल्या बोर्डिंगचा टाय लावून. तिथं घरची बोली बोललं की शिक्षा होते, हे तुम्हीच कौतुकानं सांगायचात. सासूबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून नेवारीत बरंच बोलल्या. तो बावरून म्हणाला, "पली, आजी काय म्हणते गं?"

आजी म्हणत होती, "रथाला थोरल्याचा हात हवा होता. तुझ्या बापाला विचार, तिरडीला तरी येणार आहे का?"

पलिस्था नेपाळीत म्हणाली, "आजी म्हणते, तू अगदी तुझ्या बाबांवर गेलायस."

पोरगा असा खुलला म्हणून सांगू. सासूबाईंना नेपाळी बोलता येत नसलं तरी कळतं सगळं. त्यांनी नातीकडं एकवार पाहिलं आणि प्रज्वलच्या हातात सगुनाचं, आशीर्वाद म्हणून देतात ते अंडं ठेवलं.

आता माझ्या लेकीच्या शाळेबद्दल कुणीतरी विचारावं, याची मी वाटच बघतेय. तुम्हाला मात्र हे पत्र धाडता येत नाही. पोरीनं झाकलेलं आईनं कसं उघडं करायचं?

तुमची धाकटी भावजय,
नानीमैया