फिल्टर पहाटेच का गळतो

३ नोव्हेंबर २०२४

परत ओटा ओला! काल निजताना फडक्यानं लख्ख पुसला होता. आज चहाला उठते तर फिल्टरच्या पायाशी तळं. काडेपेटीचा लगदा झालाय. देवघरातली आणायला गेले, तर तात्यांची पूजा आटोपलेलीही! हा माणूस झोपतो कधी?

मुकुलला फोन केला. गोरखपूरला रेल्वेच्या क्वार्टरात बसून नवऱ्याला सगळं कळतं. "तोटीचा वॉशर गेला असेल. बदल, बस." बस म्हणे!

४ नोव्हेंबर

शाळेतून येताना वॉशर आणला, बसवला. रात्रीपर्यंत थेंब नाही. मी ऐटीत सासऱ्यांना म्हटलं, "बघा तात्या, जमलं की नाही?" पोथीतून मान वर न करता, "हं."

पडल्यापासून तात्यांचं असंच. भाद्रपदात पूर ओसरला आणि दुर्गाघाटाच्या पायरीवर गाळ होता, त्यावरून घसरले. खुब्याला मुका मार. हाड वाचलं हे नशीब. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या बंद, पुन्हा पडलात तर उठणं कठीण. मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, गंगेवर जायचं नाही. घरी नळाखाली अंघोळ करा, तिथंच श्लोक म्हणा. "बरं," म्हणाले. यंदा कार्तिकस्नान चुकलं त्यांचं. जन्मात पहिल्यांदा. वाईट वाटतं, पण करू काय?

५ नोव्हेंबर

गळतोय.

७ नोव्हेंबर

आता फिल्टरवर आणि माझ्यावर, दोघांवर माझा राग आहे. मुकुलनं व्हिडिओवर बघून निदान केलं – "कँडलचा नट ढिला आहे. कस." कसला. आणखी कसला. कटकन आवाज! कँडलच तडकली. वर हाच म्हणतो, "इतकं कुठं कसायचं?" त्याला दाराबाहेर नेऊन उभं करावंसं वाटलं. पण तो गोरखपूरला.

८ नोव्हेंबर

दोन्ही कँडली नव्या. सकाळी ओटा ओलाच. आणि एक विचित्रच. संध्याकाळी मी खालचं भांडं बाटल्यांत रिकामं करते, मग वरचं काठोकाठ भरते. सकाळपर्यंत सगळं झिरपून वरचं कोरडं व्हायला हवं. आज झाकण उघडलं तर वर पाणी आहेच! कोऱ्या कँडलीवर मातकट थरही. नळाला गाळ येतोय की काय? शेजारच्या वैदेहीताईंना विचारलं. "आमच्याकडे तो एकदम साफ आ रहा है," म्हणाल्या.

१० नोव्हेंबर

काल रात्री दोन्ही भांड्यांच्या सांध्याभोवती कुंकवाची रेघ ओढली. म्हटलं, पाणी कुठून निघतं ते कळू दे तरी. सकाळी सांध्यापासून ओट्यापर्यंत लाल ओघळ. तोटी कोरडी ठणठणीत. बूडही.

म्हणजे फिल्टर गळत नाहीच मुळी! उतू जातोय. खालचं भांडं गच्च भरलेलं असताना वर कुणीतरी आणखी पाणी ओततंय.

घरात आम्ही दोघंच.

११ नोव्हेंबर

दिवसभर वर्गात लक्ष नव्हतं. तात्यांना भरलेला फिल्टर भरलेला दिसत नाही का? विसरतात का? आज ओतलं, उद्या गॅस उघडा ठेवतील. मी शाळेत, मुकुल तिकडे...

जेवताना सहज विचारल्यासारखं केलं – माझ्या लग्नात पौरोहित्याला कोण कोण होतं हो? सगळी नावं सांगितली, कुणाचं उपरणं हरवलं तेही. मग वाटीतली आमटी संपवून म्हणाले, "परीक्षा झाली? पास का?"

हसले मी. झोप मात्र येणार नाही.

१२ नोव्हेंबर

पाहिलं.

उजाडायच्या आत उठून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. कडी हळूच वाजली. तात्या बाहेरून आले. ओला पंचा, भिंतीला एक हात, दुसऱ्या हातात तांब्या. क्षणभर तसेच दम खात उभे. मग फिल्टरचं झाकण अलगद काढलं आणि तांब्या वर रिता केला. ओठ हलत होते.

गंगेवरून! रोज!

मी संतापले. ओरडायला तोंड उघडलं आणि सासूबाई आठवल्या. घाटावरून रिकामा तांब्या घेऊन घरात पाऊल टाकायचं नाही, हे त्यांनीच मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलं. पण आणलेलं हे पाणी तात्यांनी ठेवायचं कुठं? देवघरातला गडू मी रोज घासते, मला कळलं असतं. मोरीत ओतायचं? गंगा? मेले तरी ओतणार नाहीत. उरला फिल्टर.

आणि मी ते इतके दिवस प्यायले! आजपासून पिण्याचं पाणी उकळणार.

दबक्या पावलांनी खोलीत परतले. का, ते मलाच कळत नाही. म्हातारा चोरून देवाच्या दारात जातो, त्याला चोर कसं म्हणायचं?

१३ नोव्हेंबर

रात्री वरचं भांडं थोडं रिकामं ठेवलं. एका तांब्याएवढी जागा.

ओटा कोरडा! तात्यांनी ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "चहा छान झालाय." रोजचाच चहा.

मुकुलचा फोन – "गळती बंद?" "बंद." "बघ, मी म्हटलं होतं, कँडलच होती." असू दे बापडा.

१४ नोव्हेंबर

फिल्टरचं कोडं सुटलं आणि जीव टांगणीला लागला. आता उठल्याबरोबर आधी झाकण उघडते. वर पाणी दिसलं की हुश्श – तात्या आले. हे काय जगणं झालं? पायऱ्यांवर अजून चिखल आहे, काल जाऊन पाहिलं. सांगून टाकावं, बंद करा हे. उद्या पौर्णिमा. स्नान संपेल. एकच दिवस. एवढा एक निभू दे, मग बोलीन.

१५ नोव्हेंबर. कार्तिक पौर्णिमा

वरचं भांडं कोरडं. हात घालून पाहिला. कोरडंच. दारात तात्यांच्या चपला नाहीत.

तशीच धावले. घाटावर ही गर्दी! तात्या एका पायरीवर बसलेले, पाय उचलत नव्हता, मांडीवर भरलेला तांब्या. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "किती उशीर, मृणाल? फिल्टरमध्ये जागा ठेवायला लागलीस, तेव्हापासून रोज वाट बघतोय. आज येईल, उद्या येईल."

एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताला तात्या. थांबत थांबत चढलो.

पाणी आज मी ओतलं.