फ्लोराच्या पिशव्या

३ ऑगस्ट १९९९, मंगळ.
सकाळपासून रिक्षावर भोंगा लावून गल्लीत बोंब. पंधरा तारखेपासून पेणमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद. देणाऱ्याला दंड, घेणाऱ्यालाही. गटारं तुंबतात, गाई मरतात. सगळं खरं आहे हो. पण मेलो मी!
फ्लोरा गेल्यापासून माझं घर कॅरीबॅगवर चाललंय. हात हलवत जायचं, शेठ देईल ते बोटांना लटकवून यायचं. त्याआधी जन्मात कधी बाजार केला नाही. रोह्याच्या कंपनीत फिटर होतो, तिन्ही शिफ्टा. घरी आलो की ताट तयार. भाजी कुठून येते, मीठ कधी संपतं, कोण बघतो? बायको बघायची.

१६ ऑगस्ट, सोम.
झाली फजिती. समोरच्या कांतीशेठकडे नेहमीसारखा रिकाम्या हातानं गेलो. साखर, तूरडाळ, चहा, कांदे. शेठनं कागदाच्या पुड्या दोऱ्यानं बांधून गल्ल्यासमोर मांडल्या. म्हणाला, "काका, आता न्या कसं न्यायचं ते."
पुड्या छातीशी धरल्या तर छत्री उघडता येईना. शेवटी छत्री उलटी करून तिच्यात सगळं घातलं आणि भिजत घरी. रस्ता ओलांडेपर्यंत साखरेचा पाक. शेजारची सुनंदा ओट्यावरून हसत होती. मग म्हणाली, "काकींच्या पिशव्या होत्या की दारामागं!"
होत्या. आहेत. दहा महिने त्या दाराकडे बघितलेलं नाही.

१७ ऑगस्ट, मंगळ.
स्वयंपाकघराच्या दारामागं तीन पिशव्या. एक खाकी, माझ्या कंपनीच्या पँटीची. एक निळ्या पट्ट्यांची, गादीच्या कापडाची. एक पांढरी, मांजरपाटाची. चौथी मोरीबाहेर खिळ्याला, काळपट. सगळ्या तिनंच शिवलेल्या.
हाताला लागली ती, काळपट, घेऊन कांतीशेठकडे गेलो. त्यानं डाळ ओतायला पिशवीचं तोंड उघडलं आणि नाक दाबून मागंच सरकला. "काका! मासळीची पिशवी माझ्या दुकानात?" जैन माणूस. दुकानात उदबत्ती लावली त्यानं. गिऱ्हाइकं खो खो हसली. मीही हसलो, काय करतो.
घरी येऊन बाकीच्या तिघींकडे बघत बसलो. आम्हा यहुद्यांत मटणाचं आणि दुधाचं एकत्र चालत नाही. भांडी वेगळी, फडकी वेगळी. पिशव्याही वेगळ्या असणार. फ्लोरा ओरडायची ते आठवतं, "ती नको, ती नको!" पण कुठली नको? तेव्हा कान कुठे होते माझे. विचारायचं कुणाला? आमची दोन घरं उरलीत पेणमध्ये, दोन्हींत नुसते म्हातारे पुरुष. बायका इस्रायलला किंवा वर.
रिबाला माहीत असेल.

१९ ऑगस्ट, गुरु.
रोह्याला जाऊन आलो. तिन्ही पिशव्या घडी करून बगलेत. एसटीत बाजूचा माणूस बघत होता, हा म्हातारा रिकाम्या पिशव्या घेऊन कुठल्या बाजाराला निघालाय म्हणून.
रिबा, म्हणजे रिबेका, फ्लोराची धाकटी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलींचे शिवणाचे क्लास घेते. पिशव्या बघून आधी हसली, मग निळ्या पिशवीवरून हात फिरवत राहिली.
"दाजी, इतकी वर्षं जेवलात आणि पिशवी कुठली ते ठाऊक नाही?"
खाकी मटण-कोंबडीची. निळी दूध-लोण्याची. पांढरी वाण्याची आणि भाजीची. "खाकी आणि निळी एका खुंटीवर पण टांगायची नाही." टांगली होती मी. नाही सांगितलं.
नारळाच्या दुधातली कोंबडी केली होती तिनं. दोनदा वाढून घेतली. दहा महिन्यांनी कुणीतरी विचारलं, अजून वाढू का?
तिचा मुलगा इस्रायलहून फोन करतो, कायमची ये म्हणतो. कागद तयार होत आलेत. सण झाले की ऑक्टोबरात जाईल. हे सगळं तिनं भाताची उंडी करता करता सांगितलं. मी "बरं" म्हणालो. बरं!
परतीच्या गाडीत डोक्यात एकच. इथे लिहून ठेवतो म्हणजे मागे फिरता येणार नाही. रिबाला विचारायचं, जाऊ नकोस, माझ्याशी लग्न कर. आमच्यात चालतं. लोक हसतील. हसू देत. पिशव्या निमित्त होत्या, आज मला जायचंच होतं.

२८ ऑगस्ट, शनि.
शनिवार, आमचा विसाव्याचा दिवस. बाजार नाही, चूल नाही. दिवसभर कुणाशी शब्द नाही. पूर्वी शनिवार लवकर सरायचा, आता सरता सरत नाही. सुनंदाकडे टीव्ही लागला होता, भिंतीतून ऐकत बसलो.

१ सप्टें., बुध.
आता बाजार जमतो. पांढरी घेऊन निघतो, घरी येतो, निळी घेतो, पुन्हा निघतो. हेलपाटे होतात, पण वेळ तरी कुणाला काय द्यायचाय. आणि एक आहे, कागदाच्या पुडीला वेळ लागतो. शेठ कागद फाडणार, शंकू करणार, दोरा गुंडाळणार. तोवर माणसं उभी. उभी राहिली की बोलतात. आधी कॅरीबॅग फडफडवली की निघाले. पेणमध्ये इतकी माणसं मला ओळखतात हे आत्ता कळतंय.
मासळीवाली जनाबाई. काळपट पिशवी पुढं केली तर म्हणाली, "पिशवी गावली काका तुला. आता बाय कवा गावंल?"
"बघतोय," म्हटलं.
"बघ, बघ. म्हावरा नि बाय, उशीर केला का खराब."
तिच्या तोंडाला कोण लागणार! पण बोलली ते खोटं नाही. रिबाला कार्ड टाकलं, पुढच्या बुधवारी पेणला ये, जेवायला ये, मी करतो.

७ सप्टें., मंगळ.
उद्या यायची. घर झाडलं. डबे पुसले. सुनंदानं विचारलं, "कोण येतंय?" म्हटलं मेहुणी. "बरं बरं," म्हणाली आणि हसली. हसण्यासारखं काय आहे?
कसं विचारायचं ते मनात चार वेळा म्हणून बघितलं. एकदा आरशासमोरही. स्वतःचीच लाज वाटली.

८ सप्टें., बुध.
वाटोळं केलं मी.
आमच्या पद्धतीनं कोंबडी कापणारे एकच उरलेत, बुधवारी येतात. सकाळी खाकी पिशवी घेऊन गेलो. येताना आठवलं, चहाला दूध नाही. पाऊस हा असा, एका हातात छत्री. म्हटलं एवढ्यासाठी घरी जाऊन निळी कोण आणतो, आणि दुधाची थैली टाकली खाकीत. वाटेत फुटली. घरी येऊन कोंबडी स्वच्छ धुतली. दोनदा धुतली. मला वाटलं, धुतली म्हणजे झालं.
रिबा आली. वास घेऊन म्हणाली, "अगदी ताईसारखा वास येतोय." काय वाटलं ते कसं लिहू. पानं मांडली. ती पाणी आणायला आत गेली ती येईचना. जाऊन बघतो तर ओली पिशवी हातात, तळाशी पांढरं.
"दाजी, ह्यात दूध आणलंत?"
"अगं, फुटली थैली. धुतलीय मी कोंबडी."
"धुतलीय म्हणतात!"
तिथेच पाटावर बसली आणि रडायला लागली. कोंबडीसाठी नाही, ते मलाही समजलं. "ताईनं जन्मभर जपलं हो. ह्या एवढ्याशा घरात, एकटीनं. तुम्ही कंपनीत." पातेलं सुनंदाकडे दिलं. रिबानं एक केळं खाल्लं, दोन खजूर.
आणि मी मूर्ख, त्याच वेळी विचारलं. दुसरी वेळ येणार नाही असं वाटलं. म्हटलं, "रिबा, जाऊ नकोस. इथे राहा. माझ्याकडे. रीतसर लग्न करून."
तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "दाजी, तुम्हाला बायको हवीय, की बाजार करायला कुणीतरी हवंय?"
मी गप्प. बैलोबासारखा गप्प! ती चपला घालून निघाली. स्टँडवर सोडायला गेलो, तरी गप्पच. गाडी सुटताना म्हणाली, "तब्येत सांभाळा."

१० सप्टें., शुक्र.
दोन दिवस तिचा प्रश्न डोक्यात. गप्प का राहिलो? कारण तिनं बरोबर पकडलं म्हणून? तसं असतं तर ती गेल्यावर पोटाची काळजी वाटली असती. पोटाचं काय, मी आता सगळं करतो. वाटली ती काळजी वेगळीच. ऑक्टोबरनंतर कुणी मला दाजी म्हणणार नाही.
आज संध्याकाळी आमचं नवीन वर्ष लागलं. सफरचंद, मध. एकट्यानं.

१५ सप्टें., बुध.
गल्लीत गणपती, आरत्या. सुनंदाकडून मोदक आले. पिशवीबंदी ढिली पडलीय. गर्दीत पुड्या बांधायला शेठला वेळ नाही. गल्ल्याखालून कॅरीबॅग काढून हळूच म्हणाला, "घ्या काका, सणाचे दिवस आहेत, कोण बघतंय." म्हटलं नको, माझी आहे. सगळे आपापलं घेऊन पटापट पांगले. शेठलाही बोलायला सवड नव्हती. डाळ घेऊन घरी आलो, दिवस अजून अख्खा बाकी होता.
रोह्याहून काही नाही. कार्ड लिहायला घेतलं आणि फाडलं. हे कार्डावर लिहिण्यासारखं नाही.

२० सप्टें., सोम.
दारफाळणीचा उपास. पांढरे कपडे, दार लावून आत. कालपासून पाणी नाही, बोलणं नाही. दर वर्षी फ्लोरा त्या कोपऱ्यात असायची. दोघं न बोलता बसायचो, पण ते न बोलणं वेगळं होतं. वर्षभराच्या चुका आठवायच्या आज. आठवल्या. खाकी पिशवीही आठवली.
संध्याकाळी उपास सोडून हे लिहितोय. उद्या शिळा सण, आपल्या माणसांकडे जायचा दिवस. उद्या रोहा. उत्तर घेऊन जातो, तिला हवं असो नसो.

२१ सप्टें., मंगळ., रोहा स्टँड.
पहिल्या गाडीनं आलो. रिबाच्या दाराला कुलूप. शेजारची पाटलीण म्हणाली, "अवो, त्या तर सकाळीच पेनला गेल्या. तुमच्याकडंच की! परत कवा येनार, काय बोलल्या नाय." नागोठण्याला समोरून लाल गाडी गेली, तिच्यातच असणार. निरोप घ्यायला गेली, की दुसरं काही, देव जाणे.
स्टँडवरच्या एसटीडीतून कांतीशेठला फोन केला. "आहेत ना," म्हणाला, "तुमच्या ओट्यावरच बसल्यात. काय निरोप देऊ?"
मागं दुकानात गिऱ्हाइकांचा कलकलाट. सगळा गाव ऐकणार. आत्ता गप्प राहिलो असतो तर जन्माचा गप्पच.
म्हटलं, "सांगा, बाजार मी करीन. तिनं काही करायला नको. नुसती समोर असली तरी पुरे."
"हे असंच सांगू?"
"असंच सांगा."
शेठ दुकानातूनच रस्त्यापलीकडे ओरडला, एकूणएक शब्द. कलकलाट थांबला. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मी फोन कानाला दाबून उभा. मग शेठ पुन्हा फोनवर आला.
"ऐकलं त्यांनी."
"काय म्हणाली?"
"किल्ली कुठे ठेवता विचारतायत."
किल्ली माझ्या खिशात. पेणची गाडी लागलीय, ड्रायव्हर अजून चहा पितोय.