गाडीपुढं चालणारी

काका,

तुम्हांला काका म्हणायचं हे तुम्हीच ठरवलंत. आईचं तुमच्याशी लग्न झालं तेव्हा मी लहान होते, माझे वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते. पहिल्या दिवशी मी तुम्हांला बाबा म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "ते माझ्या स्वतःच्या मुलांसाठी राहू दे." ती मुलं काही झाली नाहीत. कॉलनीत मात्र तुमचं कोण कौतुक! विधवेशी लग्न केलं, तेही पदरी मूल असलेल्या, म्हणून तुम्ही देवमाणूस. हळदीकुंकवाला बायका आईला म्हणायच्या, नशीब काढलंस हो. ती नुसती मान हलवायची. माहेरी भाऊ-भावजय होते, त्यांनी लग्नाच्या दिवशीच सांगून टाकलं होतं की आता इकडं परत यायचं नाही. तिला जायला दुसरं दार नाही हे तुम्हांला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा तुम्ही रोज उपयोग करून घेतलात.

पिंपरीच्या कारखान्यात तुम्ही इन्स्पेक्शनला होतात. आलेल्या मालातली खोट काढायची हे काम, आणि तीच सवय घरी. रविवारी तुमची खरी चैन असायची. नवी गाडी नंबर लावून वर्षानुवर्षं मिळायची नाही, म्हणून कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की लोक तुम्हांला घेऊन जायचे. तुमचे नियम मला आजही तोंडपाठ आहेत. गाडी बघायला थंडीत जायचं, भल्या सकाळी, आणि न कळवता. आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर मालकानं आपण यायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवलंय, म्हणजे गाडी थंडीत उठत नाही. तिथूनच मागं फिरायचं. मीटर मागं फिरवता येतो, पण पेडलचं झिजलेलं रबर खोटं बोलत नाही. पायाखालचं मॅटिंग उचलून गंज बघायचा. रंग उन्हात बघायचा, सावलीत सगळ्याच गाड्या कुमारिका, असं तुम्ही म्हणायचात आणि मंडळी खो खो हसायची. मग सगळे आपल्याकडे चहाला. आई कपबश्या घेऊन बाहेर आली की तुम्हांला चेव चढायचा. "सेकंड हँड घ्यायची तर आधीच्या मालकानं कशी वापरलीय ते बघून घ्यावं," तिच्याकडं बघत तुम्ही म्हणायचात, "आम्ही नेमके तिथंच फसलो. आणि वर ही स्टेपनी गळ्यात." स्टेपनी म्हणजे मी. एकदा शेजारचे गृहस्थ ओशाळून म्हणाले, "अहो, पोरगी ऐकतेय." तुम्ही म्हणालात, "ऐकू दे की. फुकटचं खातेय, तसं फुकटचं ऐकेल." गृहस्थ चहा प्यायले आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले.

तुमच्या पहिल्या बायकोचं श्राद्ध पौषात यायचं, चाकणच्या पुढं तुमच्या गावी. दरवर्षी स्वयंपाक आईनं करायचा, मेलेलीच्या आवडीचा, आणि जेवताना तुमच्या बहिणीनं म्हणायचं की तिच्या हाताची सर नाही. मी सातवीत होते त्या वर्षी आपण उजाडायच्या सुमाराला निघालो. आई डोक्यावरून न्हायली होती, केस ओलेच होते. मी मागच्या सीटवर भांड्यांच्या पिशवीशेजारी, खोकत. भोसरी सोडली आणि धुकं लागलं. तुम्ही खुशीत होतात, कारण शिकवायला मिळत होतं. धुक्यात मोठा दिवा लावायचा नाही, उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. काचा खाली ठेवायच्या, डोळ्यांना दिसत नाही ते कानांना कळतं. रस्त्यात मधेच उभं राहायचं नाही, मागून येणारा आपल्याला माती देतो. हे सगळं बरोबरच होतं. गाडी कशी चालवावी याबाबतीत तुम्ही आयुष्यात एकही चुकीचं वाक्य बोलला नाहीत.

मोशीच्या पुढं इंद्रायणीचा पूल ओलांडला, आणि मग बॉनेटच्या पलीकडं काहीच दिसेना. तुम्ही आईला म्हणालात, "उतर. हा पंचा घे आणि डाव्या कडेनं पुढं चाल." ती उतरते. ओल्या केसांवरून पदर घेते, पांढरा पंचा खांद्यावरून पाठीवर सोडते आणि चालू लागते. आम्हांला तेवढा पंचाच दिसतो. तिची चाल जरा मंदावली की तुम्ही हॉर्न वाजवता, आणि ती दचकून दोन पावलं पळते. समोरून एक ट्रक अंगावर आल्यासारखा जातो, तेव्हा पंचा क्षणभर दिसेनासा होतो. तुम्ही म्हणता, "हळू चालते तुझी आई. आधीच्यानं काही वळणच लावलं नाही." काचा खाली होत्या, तिला सगळं ऐकू जात होतं, आणि म्हणूनच तुम्ही मोठ्यानं बोलत होतात. "एका माणसाला खाऊन आलेली आहे. असली गाडी आपल्यापुढंच चालवलेली बरी, मागं ठेवली तर आपल्यावर यायची." मी म्हणाले, "काका, नका ना." तुम्ही आरशातून माझ्याकडं बघितलंत आणि पुन्हा हॉर्न दिलात.

थोड्या वेळानं चाकांखालचा आवाज बदलला. खडखड झाली, मग भुसभुशीत काहीतरी लागलं, मग गाडी एका अंगावर कलली आणि रुतून बसली. कांद्याचा वास आला. आपण कुणाच्या तरी नुकत्याच भिजवलेल्या वावरात होतो. काळं घोंगडं पांघरलेला एक म्हातारा धुक्यातून ओरडत आला, "आवं सायेब, रस्ता तिकडं ऱ्हायला! समदं कांदं तुडवलं की वो!" आई बांधावर उभी होती. तुम्ही चिखलातून तिच्याकडं गेलात आणि विचारलंत, डोळे फुटले होते का. ती म्हणाली, "तुम्ही पुढं चाल म्हणालात. मी चालले." त्या परक्या माणसादेखत तुम्ही तिच्या तोंडात मारलीत. पहिल्या वेळेला ती हलली नाही, म्हणून दुसऱ्यांदा मारलीत. "बाईमान्सावर हात नगा टाकू," म्हातारा म्हणाला, आणि बैल आणायला निघून गेला. गाडी निघेपर्यंत दुपार टळली. श्राद्ध राहिलं ते राहिलंच.

बायकोच्या मागं वावरात गेलो, हे कॉलनीत सांगणं काही तुमच्यानं झालं नाही. तुम्ही स्टिअरिंगचा दोष सांगितलात. मग लोक म्हणू लागले, यांना स्वतःचीच गाडी धड बघता आली नाही, दुसऱ्याची काय बघणार. हळूहळू रविवारी कुणी येईनासं झालं. मला तेव्हा किती गार वाटलं म्हणून सांगू! आईला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. तुम्ही तिला पुन्हा कधी गाडीत बसवलं नाहीत. पुढच्या पौषात तुम्ही गाडीनं गेलात, आणि ती भांड्यांची पिशवी घेऊन एसटीनं. असं तुम्ही जाईपर्यंत चाललं. तुम्ही गेलात अंथरुणात, तिच्या हातून पाणी पिऊन. गर्दी बरीच जमली होती आणि सगळे तुमच्या मोठ्या मनाबद्दल बोलत होते.

हे सगळं आज लिहायचं कारण असं. गेल्या आठवड्यात आईला घेऊन मी खेडला एका लग्नाला गेले. माझी गाडी जुनीच आहे, तुमच्याच नियमांनी निवडलेली. काय करणार, नियम चांगले आहेत. मोशीला धुकं लागलं. मी दिवे बारीक केले, काचा खाली घेतल्या. पूल ओलांडल्यावर आई एकदम म्हणाली, "इथं डावीकडं एक गाडीवाट होती. आता शेड झाल्यात."

मी म्हटलं, "कांद्याच्या वावराची?"

"कांदे अलीकडं. वाट सरळ विहिरीवर जायची. कठडा नव्हता. आदल्या वर्षी येताना मी बघून ठेवली होती."

मी गाडी चालवत राहिले. ती खिडकीबाहेर बघत, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलत होती. "त्या वाटेनं बरंच पुढं नेलं होतं मी त्यांना. आपण बाजूला व्हायचं की नाही, तेवढं काही ठरवलं नव्हतं. मग तुझा खोकला ऐकू आला. तू मागं आहेस हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं बघ. तशी वळले कांद्यात."

एवढं बोलून तिनं शाल सारखी केली आणि लग्नाला अहेर काय द्यायचा ते विचारू लागली. मीही सांगितलं.

हे पत्र तिच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. तुम्हांला एकच सांगायचं राहिलंय. आईनं मला वाचवलं, हे त्या क्षणी माझ्या मनात आलंच नाही. मनात आलं ते एवढंच, की तिनं मला आधी पुलावर उतरवायला हवं होतं.