मी बंद केलेले बुडबुडे

पुसद, मंगळवार, संध्याकाळ

कंपनीच्या नव्या पंपाचं सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरची गणिती चाचणी, मीच केली होती. पाण्यात वाफेचे बुडबुडे धरले की गणित मधातच कोसळायचं. आठवडाभर वैतागले आणि शेवटी गणितातले बुडबुडेच बंद केले. आकडे एकदम सुरेख आले. रिपोर्ट पाठवला. पहिला पंप ढाणकीच्या पाणीयोजनेवर बसला.

आज तो दुरुस्तीला आला. सलीमचाचा मिस्त्रींनी खोलून आतला पंखा माझ्या हातात दिला. पितळेची पाती वाळवी लागल्यासारखी खाल्लेली!

"चाचा, वाळू गेली असंन," मी म्हटलं.

"वाळूनं घासते, बेटी. हे बुडबुड्यानं फोडलं, पात्यावर फुटून फुटून. गिट्टी भरल्यावानी खडखडून राह्यला होता पंप."

खड्डे नेमके तिथंच, जिथं माझं गणित कोसळत होतं. म्हणजे ते चुकत नव्हतं. मले सांगून राह्यलं होतं! मी काहून ऐकलं नाही?

कंपनीतल्या सरांना फोन केला. "सर, बुडबुडे मीच बंद केलते," एवढंच बोलता आलं.

ते म्हणाले, "बाकीचे पंप थांबवतो. तू हे लेखी दे."

दिलं. ढाणकीत आज नळाले पाणी नाही, माझ्यामुळे.