अक्रोडाखालची माती

२ ऑगस्ट
पोचले एकदाची! रोपवाटिकेतच खोली आहे: दगडी मोरी, एक खाट, एक मोठी खिडकी. अंगणात भलामोठा अक्रोड. त्याच्याखाली गवताची काडी नाही. माळीबुवांनी किल्ल्या देताना बजावलं, याच्या आसपास काही लावू नकोस, याची मुळं विष सोडतात, दुसऱ्याला वाढू देत नाहीत. मी हसण्यावारी नेलं. चार पावलांवर टोमॅटोची बारा रोपं लावली. धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं, सुट्टीत लेकीला घेऊन ये. इतकी वर्षं एकटी राहिले, आता घर भरू दे.

१४ ऑगस्ट
टोमॅटोंनी माना टाकल्या. उपटले, तर मुळं काळी. बुवांचंच खरं. अक्रोडाची हिरवी सालं वेचून टाकली. हात काळेकुट्ट झालेत, साबणाला दाद देत नाहीत.

२७ ऑगस्ट
आल्या दिवशी नखं कापली होती. अजून तेवढीच आहेत. कलम करताना बोट कापलं, ते दुखत नाही, भरतही नाही. आणि खिडकीतला पुदिना, ज्याला मी रोज हाताने पाणी घालते, तो सुकला. नळीच्या पाण्यावरची रोपं मात्र तरारलीत.

६ सप्टेंबर
दूधवाली रोज चहाला टेकायची. आज फाटकातूनच म्हणाली, "राग मानू नकोस बाई, तुझ्याजवळ बसलं की दिवसभर अंगात त्राण राहत नाही." तिचे केस किती विरळ झालेत. मग मीच चार पावलं मागे सरकले.

११ सप्टेंबर
धाकटीला कळवलं, येऊ नका. कारण काय सांगणार? आम्ही तुला जड झालो का, असं विचारून तिने फोन ठेवला.

१५ सप्टेंबर
जखमेतून पांढरा तंतू निघालाय. केसाएवढा. कापला. दुपारी पुन्हा — नखं वाढत नाहीत, हे वाढतंय.

१६ सप्टेंबर
आल्यात. न सांगता. कडी लावून बसलेय. धाकटी आधी चिडली, आता रडतेय. पोर दार बडवतेय — मावशी, उघड ना, मी तुझं चित्र काढलंय.

किती दिवसांत कुणी मावशी म्हटलं नव्हतं —

दाराखालून चित्र सरकवतेय. मागोमाग तिची बोटं. मी भिंतीला टेकलेय, तरी माझा हात — तंतू जमिनीवरून, दाराकडे — बुटाखाली धरला, थांबत नाही —

ओरडले, हात मागे घे बाळा. तिला वाटलं मी खेळतेय. हसतेय. आणखी आत —